पहिल्या पानावरचे सात फोटो

त्या दुपारी ओ निगेटिव्ह रक्ताचे दोन दाते बदलापुरात आपापल्या घरी होते. ज्यावर फोन करून त्यांना बोलावता आलं असतं तो नंबर आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर होता, पण तो सात फोटोंच्या खाली होता, आणि तो तिथे ठेवायला मीच लावला होता. पालेगावच्या ज्या माणसाची बायको त्या संध्याकाळी गेली, त्याने नंतर येऊन विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं की आमच्याकडे त्या गटाचा दाताच नव्हता. ते खोटं होतं. वेबसाइट बनवणाऱ्या मुलीने काम बिघडवलं असं मी मंडळाच्या सभेत सांगितलं. तेही खोटं होतं.

आता नीट सांगतो.

आमचं रक्तदात्यांचं मंडळ अंबरनाथचं. तिथल्या एकाच कारखान्यातल्या आम्ही काही जणांनी ते सुरू केलं होतं. बुवापाड्यात विहाराच्या मागे एक खोली होती, तिथे रविवारी बसायचो. मी पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालो आणि मंडळाचा चिटणीस झालो. कोणाचा गट कुठला, कोण कुठे राहतो, हे सगळं माझ्याकडे असायचं आणि मंडळाचा फोन माझ्या घरी असायचा. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर इथल्या दवाखान्यांच्या भिंतींवर आम्ही पेंटरकडून पाट्या रंगवून घेतल्या होत्या. ‘रक्त हवे? फोन करा’, आणि खाली हातभर मोठे आकडे. जिना चढणाऱ्याला, स्ट्रेचरमागे धावणाऱ्याला, रडणाऱ्यालाही वाचता येतील एवढे मोठे. फोन कधीही वाजायचा. आम्ही ताटावरून उठायचो. बायको म्हणायची, ‘तुम्ही रिटायर झालात, मी कधी होणार?’

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत जो तो वेबसाइट काढत होता. शाळा काढत होत्या, पतसंस्था काढत होत्या. आमचे अध्यक्ष उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले कापडाचे व्यापारी, सिंधी, हात सढळ, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात घालून बोलणारे. एका रविवारी ते म्हणाले, ‘साईं, सगळ्यांची साइट आहे, अपनी क्यों नाही? खर्चा मेरा. पण काम एकदम झकास पाहिजे.’

माझ्या थोरल्या भावाची मुलगी बदलापूरला राहायची. वेबसाइट बनवण्याचं काम घरून करायची. नवीनच सुरुवात होती तिची. पुढे तिकडच्या एका शाळेचं आणि एका पतसंस्थेचं काम तिला मिळायचं होतं, आणि आमचं काम दाखवून ते पक्कं होणार होतं. मी तिला बोलावलं.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, ‘काका, तुमच्या साइटवर येणार कोण?’

‘लोक येतील.’

‘कोण लोक?’

‘लोक म्हणजे समाज. आपलं कार्य बघायला.’

‘कार्य बघायला कोणीही येत नाही. ज्याला रक्त हवं आहे तो येईल. घाबरलेला असेल, घाईत असेल. कॉम्प्युटर त्याचा नसेल, कॅफेतला असेल. त्याला काय दिसायला हवं ते सांगा.’

तिने एक कागद घेतला, मधोमध फोन नंबर लिहिला आणि त्याच्याखाली रक्ताचे गट. बस. पान रिकामं. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘हे पहिलं पान. बाकीचं सगळं दुसऱ्या पानावर घाला, कितीही घाला.’

मला तो कागद बघून अपमान झाल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचं काम आणि एक नंबर? मी तिला आमच्या वार्षिक कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका दाखवली. आपल्याकडे पत्रिका कशी असते ते वेगळं सांगायला नको. वर प्रेरणास्थान, मग संस्थापक, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, असं मानाप्रमाणे खाली यायचं, भोवती वेलबुट्टीची चौकट. एखादं नाव वरखाली झालं तर माणूस कार्यक्रमाला येत नाही. मी म्हणालो, ‘असं पाहिजे.’

‘ही पत्रिका आहे, काका. ही लोकांना बसवून दाखवायची असते.’

‘मग साइट काय उभ्याने बघायची असते?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘उभ्यानेच बघतात.’

मी हसलो. बैठकीत ते सांगितलं, सगळे हसले.

झालं आमच्या मनासारखं. आधी पडद्यावर रक्ताचा एक थेंब पडायचा, त्याचं कमळ व्हायचं, कमळातून मंडळाचं नाव उगवायचं. मग सात फोटो, मानाप्रमाणे. सर्वांत खाली, सातवा, माझा. भोवती वेलबुट्टीची चौकट, वर किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. मराठी अक्षरं प्रत्येक कॉम्प्युटरवर धड दिसत नसत, चौकोन चौकोन यायचे, म्हणून मी सगळा मजकूर चित्रासारखा घालायला लावला. तिने सांगितलं की याने पान जड होईल. मी म्हटलं, होऊ दे. आणि नंबर चौकटीच्या बाहेर, तळाला, कारण पत्रिकेतही ‘संपर्क’ तळालाच असतो.

साइट सुरू करण्याआधी तिने एक गोष्ट मागितली. ‘एकाला बसवून बघू या. ज्याने साइट पाहिलेली नाही असा कोणीही. त्याला एवढंच सांगायचं, तुम्हाला रक्त हवं आहे, शोधा. आणि आपण मागे बसायचं. काका, बोलायचं नाही. नुसतं बघायचं.’

उपाध्यक्षांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या, त्या आल्या. बदलापूर पूर्वेच्या एका सायबर कॅफेत आम्ही तिघं एका मशीनपुढे दाटीने बसलो. थेंब पडायला लागला. अर्ध्यात अडकला.

‘अगं बाई, हे काय लोंबतंय?’

‘थांबा, कमळ होणार आहे,’ मी म्हणालो.

‘काका,’ पुतणी दबक्या आवाजात म्हणाली.

कमळ झालं. फोटो एकेक करून वरून खाली उतरायला लागले, आधी केस, मग कपाळ, मग डोळे. बाई गालाला हात लावून बघत राहिल्या. आपल्या नवऱ्याचे नुसते डोळे उमटले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘घरी पण असेच बघतात.’ मग विचारलं, ‘यांच्यापैकी रक्त कोण देणार?’

‘कोणीच नाही,’ पुतणी म्हणाली. ‘सगळ्यांना शुगर आहे.’

बाई खूप हसल्या. मग शोधायला लागल्या. फोटोंवर क्लिक करून बघितलं. वरच्या आकड्यावर करून बघितलं. खालची वेलबुट्टी आली आणि त्या थांबल्या. चौकट बंद झालेली, पान संपलेलं. त्यांच्या दृष्टीने खाली काही नव्हतंच. त्या पुन्हा वर गेल्या. पुन्हा खाली येऊन थांबल्या. मला बसवेना. मी हात पुढे केला आणि पडद्याच्या कडेची पट्टी बोटाने दाखवली. ‘ही ओढा खाली.’ त्यांनी ओढली. नंबर आला.

‘सापडला की!’ मी म्हणालो.

पुतणीने कॅफेवाल्याला पैसे दिले आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात ती म्हणाली, ‘तुम्ही बोट दाखवलंत.’

‘एकदा दाखवलं की कळतं माणसाला.’

‘त्या दिवशी तुम्ही असणार आहात का, त्याच्या शेजारी?’

तिने मला हे एकदाच विचारलं. पुन्हा नाही.

यानंतर आम्ही जे केलं ते माझ्या मते सगळ्यांत वाईट. दवाखान्यांच्या पाट्या पुन्हा रंगवल्या. अध्यक्षांना वाटायचं की भेट देणाऱ्यांचा आकडा वाढला पाहिजे, आणि लोक सरळ फोन करत राहिले तर साइटवर कोण येणार? मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला फोनचा कंटाळा आला होता. पेंटरने जुन्या आकड्यांवर पांढरा हात मारला आणि त्यावर लिहिलं: ‘रक्त हवे? वेबसाइटला भेट द्या’. खाली इंग्रजी अक्षरांत पत्ता. पुतणीला हे पाट्या वाळल्यावर कळलं. तिचा फोन आला. ‘काका, नंबर का पुसलात? साइट पाटीच्या जागी नसते हो, पाटीच्या जोडीला असते.’ मी म्हणालो, तू साइटचं बघ.

आणि फोन वाजायचा बंद झाला.

आधी दिवसाआड वाजणारा फोन. आठवडा गेला, महिना गेला, एखादा चुकार फोन. आम्ही सुखाने जेवायला लागलो. बायकोने फोनवर विणलेला रुमाल टाकला. आकडा मात्र रोज वाढत होता. रविवारी बैठकीत मी तो मोठ्याने वाचून दाखवायचो आणि टाळ्या पडायच्या. इतके लोक येत आहेत आणि कोणीच फोन करत नाही, याचा अर्थ काय, हे त्या खोलीतल्या एकाही माणसाने विचारलं नाही. आम्हाला वाटत होतं साइट काम करते आहे.

तो उन्हाळा होता. लोडशेडिंगचे दिवस. दुपारी वीज जायची ती तासन् तास. कारखान्यांकडून एक आंबूस वास यायचा आणि वारा पडला की घराघरांत बसून राहायचा. त्या दुपारी मी फोनपासून दोन हातांवर खुर्चीत होतो, पुठ्ठ्याने वारा घेत. उल्हासनगर कॅम्पातल्या एका दवाखान्यात एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मूल वाचलं होतं. रक्तपेढीत ओ निगेटिव्ह नव्हतं. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, संध्याकाळच्या आत दाता आणा. तो वळला तर समोरच्या भिंतीवर आमची पाटी. त्याने पत्ता हातावर लिहून घेतला आणि धावत सायबर कॅफे शोधला.

पुढचं मला कॅफेवाल्याकडून, अध्यक्षांमार्फत कळलं. तो अध्यक्षांच्या ओळखीचा, त्यांच्याच गल्लीतला. पण ते कळायच्या आधी रविवार आला, आणि मी बैठकीत सांगितलं की या आठवड्यात एकाच दुपारी आकडा चाळिसाने वाढला. अध्यक्षांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले.

नंतर एक दिवस अध्यक्ष मला घरी भेटायला आले, एकटे, गाडी लांब उभी करून. बसले. पाणी प्यायले. म्हणाले, ‘साईं, तो चाळीसचा आकडा. तो एकच माणूस होता.’

कॅफेवाल्याने त्यांना सांगितलं होतं: ‘सेठ, वो भाई बैठा रहा. बार बार खोलता था. फूल आता था, फिर फोटो. मैंने पूछा, इन में से किसी को जानता है क्या? बोला, नहीं, पर नंबर इधर ही होगा, बोर्ड पे लिखा है. फिर लाइट गई.’ इन्व्हर्टरवर कॅफेवाल्याने त्याच्यासाठी ते एक मशीन चालू ठेवलं होतं. मग तेही बंद पडलं. तो माणूस काळ्या पडद्यापुढे जरा वेळ बसला आणि उठून गेला.

‘नंबर तर होता ना?’ अध्यक्षांनी मला विचारलं.

‘होता,’ मी म्हणालो. ‘खाली.’

त्या दोन दात्यांना मी भेटून आलो. सहज आल्यासारखं दाखवलं. एक जण त्या दुपारी रात्रपाळी करून घरी झोपला होता. दुसरा गच्चीवर पाण्याची टाकी साफ करत होता. तो म्हणाला, ‘काय हो, हल्ली बोलवत नाही आम्हाला? रक्त नको झालं का लोकांना?’ मी म्हटलं, बरं चाललंय सगळं.

मग तो स्वतः आला. पालेगावचा, तिशीतला, टेम्पो चालवणारा. विहारामागच्या खोलीत मी आणि उपाध्यक्ष होतो. आम्हाला वाटलं, भांडायला आला. तो दारातच उभा राहिला आणि भिंतीवर लावलेले फोटो बघत राहिला. वेबसाइटवरचे तेच सात. एकेक बघत खाली आला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुमी शेवटचे.’

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

‘माजं नाव लिवून घ्या, साहेब. बी पॉझिटिव्ह हाय. कोणालाबी लागलं तर येईन.’

उपाध्यक्षांनी लिहून घेतलं. जाताना तो परत वळला. ‘एक विचारू? ओ निगेटिव्हचं कोणी नवतंच ना तुमच्याकडं? म्हंजे मला नंबर गावला असता तरी...’

त्याला जे उत्तर हवं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी ते दिलं. ‘नव्हतं,’ मी म्हणालो. ‘कोणीच नव्हतं.’

त्याने मान हलवली. बरं वाटल्यासारखं दिसलं त्याला. तो गेल्यावर उपाध्यक्षांनी वही मिटून कपाटात ठेवली. त्या क्षणी दया म्हणून बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याच्यापेक्षा मलाच त्या उत्तराची जास्त गरज होती.

गोष्ट थोडीफार पसरली. सभेत एकाने उभं राहून विचारलं की नंबर सापडत नाही अशी साइट कशी काय? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तांत्रिक दोष राहिला, मुलगी नवखी होती, घरातली म्हणून काम दिलं, चूक झाली. सभेला ते पुरलं. त्या सभेत शाळेचे लोक होते, पतसंस्थेचे लोक होते. तिला कोणतंच काम मिळालं नाही. तिने घरचा कॉम्प्युटर विकला आणि मुंबईत एका कंपनीत नोकरी धरली. भावाने मला एवढंच विचारलं, ‘तू सभेत असं बोललास?’ मी म्हणालो, बोलावं लागलं. त्यानंतर आम्ही फक्त लग्नांत आणि मयतींत भेटत आलो.

पाट्यांवर नंबर पुन्हा रंगवला, तोही मी गुपचूप. फोन परत वाजायला लागला. पालेगावचा तो माणूस बोलावू तेव्हा येत राहिला. रक्त देऊन झालं की बिस्किट खात माझ्याशी बोलायचा, मुलगी कितवीत गेली ते सांगायचा. मला साहेब म्हणायचा. त्याच्या गावाभोवती इमारती उठत गेल्या, तो रक्त देत राहिला, आणि मी दर वेळी त्याच्या दंडाला बांधलेली पट्टी बघत राहिलो.

आता मंडळ मुलांच्या हातात आहे. अधूनमधून एखादी संस्था मला म्हातारा म्हणून सल्ला विचारते. मी सांगतो, येणारा माणूस कशासाठी येतो ते आधी ठरवा आणि ते सगळ्यात वर ठेवा. स्वतःचे फोटो आत कुठेतरी घाला. पानाचा शेवट झाल्यासारखं दिसेल असं मधे काही काढू नका. सुरू करण्याआधी एका परक्या माणसाला बसवा आणि हात मागे बांधून बघा. भेट देणारे मोजू नका, काम होऊन गेलेले मोजा. ते माना डोलावतात. मग त्यांची साइट निघते आणि मी उघडून बघतो, तर त्यांच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे हार घालून माझ्याकडे बघत असतात. मी खाली ओढत जातो. कधी सापडतो नंबर, कधी नाही.

यंदा हे सगळं लिहून काढलं आणि पुतणीकडे घेऊन गेलो. तिच्याही केसांत आता पांढरं आहे. तिने चहा ठेवला आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. मी तेव्हा मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली होती, कारखान्यातले दिवस, पहिलं शिबिर. ती पानं उलटत गेली. चहा उतू गेला तरी तिने बघितलं नाही.

‘काका, त्याला खोटं सांगितलंत ते कुठे आहे?’

‘शेवटी आहे.’

‘तळाला?’

मी उठून गॅस बंद केला.

‘हे त्याला नेऊन देणार आहात ना?’

‘हो.’

‘मग ते वर घ्या. अगदी पहिल्या ओळीत. त्याला पुन्हा खाली शोधत यायला लावू नका.’

माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. माफीचं काही नाही. तिने ते स्वतः टाइप केलं, अक्षरं मोठी केली, भोवती मोकळी जागा सोडली, आणि माझ्या हातात दिलं.

काल मी पालेगावला फोन केला. म्हटलं, एक कागद द्यायचा आहे, उद्या सकाळी येऊ का?

‘या ना, साहेब,’ तो म्हणाला. ‘मी घरीच हाय.’